मागे वळायचं नाही

गोलकीपर चारुताने खेळ चालू असतानाच गोल सोडला, मास्क डोक्यावर सरकवला आणि बर्फावरून सरळ बाकाकडे आली. तिच्या मागे रिकाम्या जाळीत पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, जाऊन आदळला. तो मारणाऱ्या अनिशने दोन्ही हात वर करून गोल गिरकी घेतली.

"हा धरायचा, कोच!"

"गोली नसताना तर माझी आजीपण मारेल," बाकावरून कोणीतरी म्हणालं.

अवधूतने शिट्टी वाजवली. "काय झालं? पट्टा सुटला का?"

"कोच, मागून कोणीतरी काच वाजवतंय."

अवधूतने गोलच्या मागे पाहिलं. रविवारचे सकाळचे साडेनऊ वाजले होते. रिंक अकरापर्यंत त्यांच्या युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, टीमसाठी होतं. काचेपलीकडे रबराची चटई घातलेली अरुंद वाट होती, तिच्या मागे लोखंडी बाकांच्या तीन रांगा. सगळ्या रिकाम्या.

"कोणी नाही तिथे."

"माहितेय. म्हणूनच सांगायला आले."

पोरं हसली. "भूत असेल तर फॉर्म भरून घ्या त्याचा," अनिश म्हणाला. "बॅकअप गोली नाहीच आपल्याकडे."

अवधूत हसला नाही. "पहिला नियम काय?"

चारुताने मान खाली घातली. "मागे वळायचं नाही."

"मग?"

"वळले कुठे? तुम्हाला विचारायला आले फक्त."

मास्क खाली ओढून ती गोलमध्ये परत गेली.

हा नियम अवधूत एकोणीस वर्षं शिकवत होता. समोरच्या टीमची माणसं गोलीच्या मागे उभी राहून काचेवर मुठी आपटतात, नावं ठेवतात, किंचाळतात. गोलीने एकदा मान वळवली की पक आत. म्हणून नवा गोली आला की अवधूत त्याला जाळीसमोर उभा करायचा आणि स्वतः तुटकी स्टिक घेऊन काचेमागून बडवत बसायचा. जो वळेल त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. चारुताला अकरा रविवार लागले होते. एका जुन्या गोलीच्या बायकोने तर लग्नातच अवधूतला हसत हसत सुनावलं होतं, "कोच, तुम्ही याला असा तयार केलाय की मागून हाक मारली तर हा ढिम्म हलत नाही."

अवधूत स्वतः गोली होता. पुण्यात सिमेंटच्या रिंकवर चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायचा, तिथेही गोलमध्येच. पुढे परदेशात, क्लेटनला शिकायला आला तेव्हा युनीच्या फलकावर एक कागद लावला होता. आइस हॉकीसाठी गोली हवा, अनुभवाची गरज नाही. अनुभवाची गरज का नाही ते त्याला पहिल्या आठवड्यात अंगावरच्या काळ्या-निळ्या डागांवरून कळलं. तो टिकला. सात वर्षं युनीसाठी, मग शहरातल्या एका क्लबसाठी. गुडघा गेला तेव्हा नोकरी सांभाळून तो युनीच्या पोरांना शिकवायला लागला, पण कुठे गोली कमी पडला की अजूनही पॅड चढवायचा.

सराव संपल्यावर पोरं बूट बदलायला गेली. चारुता पॅडचे पट्टे सोडत बाकावर बसली होती. अवधूत तिच्यापासून जरा लांब बसला आणि स्वतःच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

"किती वेळा वाजलं?"

"दोनदा. टक टक." तिने बोट वाकवून पेराने फळीवर वाजवून दाखवलं. "आणि मग एक वेगळाच आवाज. कोणी हात टेकवलाय आणि तो घासत खाली चाललाय, तसा."

अवधूतने नाडीची गाठ घट्ट केली. खूपच घट्ट झाली. त्याने ती पुन्हा सोडली.

"पाइप असतील," तो म्हणाला. "बर्फाखाली थंड पाण्याचे पाइप असतात. वाजतात कधी कधी."

त्याच्या बायकोला, सुचित्राला, जाऊन आठ महिने झाले होते. ती याच रिंकमध्ये गेली. मार्चमध्ये जुन्या खेळाडूंची युनीच्या पोरांशी मैत्रीची मॅच होती. जुन्यांचा गोली आला नाही म्हणून बावन्न वर्षांच्या अवधूतने पॅड चढवले. सुचित्रा नेहमीसारखी त्याच्या गोलमागे काचेपाशी उभी राहिली. लग्न झाल्यापासून ती तिथेच उभी राहायची. बाकावर बसून बघ म्हटलं तर म्हणायची, तुला जे दिसतं तेच मला इथून दिसतं. त्या दिवशी खेळाच्या दुसऱ्या भागात ती काचेमागे खाली कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती.

"बाबांना ऐकूच आलं नसणार," त्यांचा मुलगा निनाद भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. "त्या हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही." लोक मान हलवत. अवधूतने ते वाक्य तसंच राहू दिलं होतं. काही मिनिटं आधी कळलं असतं तर ती वाचली असती का, हे त्याने डॉक्टरांनाही विचारलं नव्हतं.

त्याला ऐकू आलं होतं. दोनदा पेराने, मग तळहात घासत खाली गेल्याचा आवाज. समोरून तिघं जण पक घेऊन येत होते. तो समोर बघत राहिला. त्याने तो पक अडवला. चांगला अडवला होता. दोन्ही टीमच्या पोरांनी कौतुकाने बर्फावर स्टिक आपटल्या. शिट्टी नंतर कधीतरी झाली.

पुढच्या रविवारी चारुताला पुन्हा आवाज आला. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिचा खेळ बिघडत चालला. हातात आलेले पक सुटायला लागले. दर वेळी ती बाकाकडे बघायची आणि अवधूत नुसती मान हलवायचा. ठीक आहे, समोर बघ.

डॅरल म्हणून एक म्हातारा बर्फ घासायचं यंत्र चालवायचा. अवधूतने त्याला पाइपांबद्दल विचारलं.

"पाइप बर्फाखाली आहेत, मेट," डॅरल म्हणाला. "काचेत नाहीत. आणि तीस वर्षांत माझ्या पाइपांनी दार ठोठावल्यासारखा आवाज कधी केला नाही." तो जरा थांबला. "तू ठीक आहेस ना?"

"नो वरीज."

रिंकला दोन गोल होते, दोन टोकांना. पूर्वी अवधूत चारुताला दोन्हीकडे आलटून पालटून उभी करायचा. आता तो तिला त्या एकाच गोलमध्ये ठेवायला लागला. सगळा सराव त्याच टोकाला. तो बाकावरून पोरांचा खेळ बघत नव्हता. तो काच बघत होता. आणि मग तिचा चेहरा बघत होता, ऐकू आलं का म्हणून. हे बरं नाही हे त्याला कळत होतं. एकोणीस वर्षांची पोर, शहराबाहेरच्या टार्निटहून आईबापांनी त्याच्या भरवशावर पाठवलेली. तिला भीती वाटली तरी चालेल, पण ते थांबायला नको, असं त्याला वाटत होतं.

चौथ्या रविवारी तिने सराव संपल्यावर पॅडची बॅग त्याच्या पायाशी ठेवली.

"मला नाही जमत आता, कोच. पुढच्या वीकपासून दुसरं कोणी बघा."

"मॅच आहे पंधरा दिवसांनी."

"आय नो."

"बरं. गाडीपाशी थांब. येतो मी."

तो दर रविवारी तिला टार्निटला सोडायचा. तिने किल्ली घेतली आणि गेली. अवधूतने ती बॅग उघडली नाही. गाडीतून त्याची स्वतःची जुनी बॅग आधीच आणलेली होती. कितव्या रविवारपासून ती तो आणत होता ते त्यालाही आठवलं नसतं. त्याने स्केट्स बांधले, पॅड चढवले, मास्क घातला आणि डॅरलला हाताने खूण केली.

"दहा मिनिटं. अकराला लहान पोरं येतील," डॅरल ओरडला.

अवधूत गोलमध्ये जाऊन उभा राहिला. गुडघे वाकवले, स्टिक बर्फाला टेकवली, समोर बघितलं. समोर कोणी नव्हतं. छतावरचे दिवे बर्फात दिसत होते. हवा सोडणाऱ्या यंत्राचा घरघराट चालू होता. त्याने श्वास रोखून धरला. मग सोडला. मास्कच्या जाळीतून वाफ बाहेर पडली.

काही झालं नाही.

त्याने वाट पाहिली. गुडघा दुखायला लागला तरी तो सरळ झाला नाही. शेवटी तो कोणी न वाजवताच मागे वळला. काचेत त्याचा मास्क दिसला, आणि काचेपलीकडे रिकामे बाक.

"काका."

चारुता बर्फाच्या दारात साध्या बुटांवर उभी होती. बर्फावर ती त्याला कोच म्हणायची आणि बर्फ सोडला की काका. 

"ऐकू आलं?" तिने विचारलं.

"नाही."

ती दारातून आत आली आणि घसरू नये म्हणून कठड्याला धरून हळूहळू गोलपर्यंत चालत आली. अवधूत तसाच उभा होता. मास्क काढला नव्हता.

"चारुता, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

मास्कमधून त्याचा आवाज बद्द येत होता. त्याला वाटलं तिला कळलं नसेल. तो पुन्हा म्हणाला, "काकूने काच वाजवली ते. मला ऐकू आलं होतं."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"तुमचा मास्क हलला होता. एवढासाच. मग परत समोर." तिने कठडा सोडला नाही. "मी समोरच्या गोलमध्ये होते ना, काका. स्ट्रेट अपोझिट. मला सगळं दिसत होतं."

अवधूतने मास्क काढला. त्याचे केस घामाने चिकटले होते.

"त्या काच वाजवत होत्या तेव्हा मला वाटलं तुम्हाला चिडवतायत. त्या चिडवायच्या ना नेहमी, 'अहो आजोबा, वाका की जरा' म्हणून. मी हसले. आय वॉज लाफिंग, काका. मग त्यांनी हात काचेवर ठेवला आणि तो असा खाली गेला. मला वाटलं थर्मास उचलायला वाकल्या."

"मग?"

"मग त्या उठल्याच नाहीत. पक माझ्याकडे आला, परत तुमच्याकडे गेला, परत माझ्याकडे आला. मी बघत होते. म्हटलं, आता उठतील." तिने नाक बाहीला पुसलं. "मी ओरडले नाही. गोल सोडला नाही. तुम्हीच सांगितलंय ना, काही झालं तरी गोल सोडायचा नाही."

अवधूतने तिच्याकडे पाहिलं. आठ महिने ही पोर दर रविवारी त्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून घरी जात होती. परीक्षेबद्दल बोलायची, ट्रेन रद्द झाल्या की चिडायची. समोरच्या गोलमध्ये त्या दिवशी कोण होतं हे त्याला एकदाही आठवलं नव्हतं.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. तुम्ही?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

डॅरलने यंत्र सुरू केलं. मोठा दिवा लावून ते दारापाशी येऊन थांबलं.

"पुढच्या वेळी वाजलं तर वळ," अवधूत म्हणाला.

"आणि गोल झाला तर?"

"होऊ दे."

तिने त्याच्या हातातली स्टिक घेतली आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरला. साधे बूट घातलेली ती आणि स्केट्सवरचा तो, दोघं कठड्याकडेने दारापर्यंत आले. फ्रीवेवर गाडी तिच्या घराकडे, वेरिबीच्या दिशेला लागली तेव्हा ती खिडकीला डोकं टेकवून झोपली होती.

पुढच्या रविवारी ती आली. बाकाच्या टोकाला बसून तिने पॅड चढवले. अवधूतने गळ्यातली शिट्टी काढून अनिशच्या हातात दिली.

"आज तू चालव."

"मी? कोच, हे लोक माझं ऐकत नाहीत."

"मग ओरड."

"भैया लोग, सुना क्या?" अनिश मागे वळून म्हणाला. "आज से मैं बाप हूं." कोणीतरी त्याच्यावर पाण्याची बाटली फेकली.

अवधूत बाकामागून निघाला आणि रिंकला वळसा घालून चारुताच्या गोलमागे गेला. रबराच्या चटईवर त्याच्या बुटांचा आवाज होत नव्हता. तो काचेपाशी जिथे थांबला तिथे काचेला बारीक चरे होते, वर्षानुवर्षं पक आदळून पडलेले.

खेळ सुरू झाला. पोरं या टोकाला येत होती, जात होती. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की इथून काहीच नीट दिसत नाही. जाळी मध्ये येते, गोल मध्ये येतो. पक कुठे आहे ते कळत नाही. गोलीला जे दिसतं ते इथून दिसत नाही. इथून फक्त गोलीची पाठ दिसते. बावीस वर्षं सुचित्राने ती पाहिली होती.

अनिश उजवीकडून वेगाने आला. सोबत आणखी दोघं होते. चारुता गुडघ्यात वाकली, खांबाला स्टिक लावून जागा घेतली. पक एकाकडून दुसऱ्याकडे गेला.

आणि ती वळली.

सगळी, पॅडसकट, पूर्ण मागे वळली. पक तिच्या पायाजवळून जाळीत गेला. अनिश ओरडणार होता, पण त्याने तोंड मिटलं.

अवधूतचे दोन्ही हात जॅकेटच्या खिशात होते.

चारुता मास्कमधून बघत होती. काचेच्या या बाजूला त्याला तिचे डोळे स्पष्ट दिसत होते. ती घाबरलेली नव्हती. ती त्याच्याकडेही बघत नव्हती. ती त्याच्या डाव्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघत होती. मग तिने मान किंचित लववली, कोणी मोठं माणूस भेटल्यावर लववतात तशी.

वाट अरुंद होती. अवधूत उजवीकडे अर्धं पाऊल सरकला.