जस्ताची बाटली

डॉयल हॅचरने सकाळपासून तिसऱ्यांदा पुठ्ठा वाचला. बिअरच्या खोक्याचा तो पुठ्ठा त्याने गॅरेजच्या खांबाला खिळ्याने ठोकला होता आणि त्यावर इंजिन जोडायची सगळी कामं एकाखाली एक लिहून काढली होती. काम झालं की पुढच्या चौकोनात खूण करायची. एकतीस कामं होती आणि एकतीस खुणा होत्या, एक चौकोन रिकामा नव्हता.

आयुष्यात त्याने पन्नासेक इंजिनं खोलून जोडली असतील, पण साधं चिठोरं कधी लिहिलं नव्हतं. डालहार्ट गावाच्या आसपास कुणाची जुनी पिकअप धापा टाकायला लागली की लोक म्हणायचे, डॉयलकडे न्या, तो नुसता आवाज ऐकून सांगेल. अशा माणसाला यंदा पुठ्ठा लागला. का लागला, ते घरातल्या दोघांनाच ठाऊक होतं.

फेब्रुवारीत गुरांच्या हौदाचा नळ उघडाच राहिला आणि अर्धं अंगण गोठलं. मार्चमध्ये ट्रेलरचं चाक बसवून तो निघाला आणि फाटकाबाहेर चाक डगडगायला लागलं, कारण नट आवळलेच नव्हते. त्या संध्याकाळी त्याच्या बायकोने, नेल्डाने, ताटात घेवड्याच्या बिया वाढल्या आणि सरळ विषय काढला. "अमरिलोला डॉक्टरला दाखवू या, डॉयल. डोक्याच्या."

"माझ्या डोक्याला काय धाड भरली आहे?"

"तेच विचारायला जायचं."

तो चिडला. चिडला, कारण घाबरला होता. आणि चिडलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं, पैज मारली. "शेवरोले गाडीचं इंजिन मी एकटा खोलतो आणि एकटा जोडतो. एक चूक निघू दे, तू म्हणशील त्या डॉक्टरकडे मुकाट्याने येतो. नाही निघाली, तर हा विषय पुन्हा या टेबलावर यायचा नाही."

नेल्डाने काटा खाली ठेवला. मग म्हणाली, "ठरलं," आणि मक्याच्या पावाची थाळी पुढे सरकवली.

एक गोष्ट मात्र त्याने तिलाही सांगितली नव्हती. एप्रिलमध्ये तो डुमसहून परत येत होता. नाकासमोरचा रस्ता, जन्मभर पायाखालचा. एका चौफुलीवर त्याने गाडी थांबवली आणि घर कुठल्या बाजूला आहे हे त्याला आठवेना. दहा मिनिटं तो तिथे स्टिअरिंग धरून बसून राहिला. मागून एक दुधाचा टँकर आला, तो वळला तसा हाही वळला, आणि नशिबाने ते बरोबर निघालं. तेव्हापासून हे इंजिन म्हणजे नुसतं इंजिन राहिलं नव्हतं. ते बिनचूक उतरलं तर डोकं शाबूत आहे, एवढंच त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

गाडी होती चौऱ्याहत्तर सालची. नाकात साडेसात लिटरचं पेट्रोल इंजिन, पेट्रोल पिण्यात कुणाला हार न जाणारं. डॉयलने त्यात यंदा आणखी तिखटमीठ घातलं होतं. मोठा कार्बुरेटर, धूर बाहेर टाकायला लांब नळ्या, आणि झडपा जास्त उघडणारा नवा कॅमशाफ्ट. गोम सगळी या कॅमशाफ्टमध्ये होती. जुन्या पद्धतीचा असा शाफ्ट नवा बसवला की पहिल्यांदा सुरू झालेलं इंजिन सलग वीस मिनिटं जोरात पळवावं लागतं. मंद होऊ द्यायचं नाही. मंद झालं की शाफ्टच्या उंचवट्यांवर तेल उडत नाही, ते घासून सपाट होतात आणि लोखंडाचा चुरा सगळ्या इंजिनभर फिरतो. शिवाय तेलात झीज रोखणाऱ्या जस्ताच्या द्रावाची एक बाटली ओतावी लागते, कारण हल्लीच्या तेलात जस्त नावालाच असतं. जस्त विसरलात तर वीस मिनिटांनी इंजिन पुन्हा खोला.

शेजारचा एल्रॉय बघायला आला होता. नळी घेऊन तो रेडिएटरसमोर उभा राहिला, तापलं तर पाणी मारायला. वेळ बघायचं कामही त्याने आपणहून अंगावर घेतलं.

"लेका, हे सुरू केलंस की गावातल्या पंपवाल्याच्या बायकोला दागिने होणार," एल्रॉय म्हणाला.

"तू घड्याळाकडे बघ."

"बघतोय. तुझ्या तोंडाकडे बघवत नाही म्हणून घड्याळाकडेच बघतोय. लग्नात पण इतका पांढरा पडला नव्हतास."

"लग्नात त्याला वाटत होतं चूक झाली तर माझी होईल," नेल्डा गाडीत चढत म्हणाली. एल्रॉय हसला. डॉयलला हसू आलं नाही.

पायाने अ‍ॅक्सिलरेटरवर जोर धरून ठेवायचं काम नेल्डाचं. दर इंजिनाला तेच ठरलेलं असे, पैजेला त्याने काही बाध येत नव्हता. डॉयलने मान हलवली, तिने किल्ली फिरवली, आणि इंजिन दुसऱ्या झटक्याला पेटलं. पत्र्याचं छप्पर थरथरलं. नव्या नळ्यांवरचा रंग जळून धूर यायला लागला. तो येणारच होता, तरी डॉयलने वाकून बघितलं. नेल्डाने पाय दाबला आणि आवाज वर चढून एका जागी स्थिर झाला.

पहिली पाच मिनिटं तो नुसता गोल गोल फिरत राहिला. तेलाचा दाब ठीक होता. पाणी कुठून गळत नव्हतं. एल्रॉयने हाताची पाच बोटं दाखवली. मग डॉयलला टकटक ऐकू आली.

अगदी बारीक होती, डाव्या बाजूला. त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि एकेक जागा तपासत गेला. या जागी साफ, त्या जागी साफ. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. शेवटी सापडलं, धुराच्या नळीचा एक बोल्ट जरा सैल होता, हवा तिथून फुसफुसत होती. शाफ्टचा काही संबंध नव्हता. त्याने पाना लावून बोल्ट आवळला आणि टकटक गेली. सैल बोल्ट ही चूक धरायची का, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. तापल्यावर बोल्ट सैल होतातच, असं त्याने स्वतःला बजावलं.

पाना ठेवायला तो फळीकडे वळला आणि जागीच थिजला.

फळीवर जस्ताची बाटली होती. भरलेली. झाकणावरचं सील तसंच्या तसं.

त्याने बाटली हातात घेतली, हलवली, सील नखाने चाचपलं. खांबापाशी जाऊन पुठ्ठा बघितला. सत्ताविसावं काम, जस्त. पुढे खूण होती. म्हणजे ओतलं नाही आणि ओतलं म्हणून खूण करून मोकळा झाला. नळ उघडा राहिला ते परवडलं, नट राहिले तेही परवडलं. हे वाईट होतं. न केलेलं काम त्याचं डोकं केलं म्हणून सांगत होतं. काल संध्याकाळी या गॅरेजात आपण काय केलं, हे तो आठवायला गेला तर हाताला काहीच लागेना.

एल्रॉयने दोन्ही पंजे दाखवले आणि वर आणखी दोन बोटं. बारा मिनिटं झाली होती. बारा मिनिटं ते उंचवटे कोरडे घासत होते.

तो धावत गाडीच्या दाराशी गेला. आधी इंजिन बंद करायचं, एवढंच त्याला कळत होतं. त्याने किल्लीकडे हात घातला आणि नेल्डाने त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. पाय तिने तसूभर हलवला नव्हता. त्याने बाटली तिच्या तोंडासमोर नाचवली. काहीतरी ओरडलाही, पण त्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

तिने त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं आणि तोंड त्याच्या कानाला लावलं.

"घातलंय जस्त. मी घातलंय. काल तू जेवायला आलास तेव्हा."

"ही भरलेली आहे."

"ही दुसरी. तू दोन आणल्यास. मंगळवारी एक आणलीस, गुरुवारी परत एक."

मंगळवारचं त्याला काहीही आठवत नव्हतं. त्याच्या हिशेबी तो दुकानात एकदाच गेला होता, गुरुवारी, आणि दुकानदाराने हसून काहीतरी विचारलं होतं. ते हसणं आता त्याला कळलं.

"जा," ती कानात म्हणाली. "दाब बघ. अजून आठ मिनिटं आहेत."

तो गेला. दाब बघितला. दुसरं करणार काय? मग कामाचा दिवा हुकावरून काढून तो खांबापाशी गेला आणि पुठ्ठ्यावर उजेड धरला. त्याची पेन्सिल सुताराची, लाल, जाड. खुणा लाल होत्या. सत्ताविसाव्या कामापुढची निळी होती, बॉलपेनची. सकाळपासून तीनदा वाचूनही त्याने फक्त खूण आहे की नाही एवढंच बघितलं होतं. आता तो वरून खाली एकेक बघत आला. नववी निळी. चौदावी निळी, म्हणजे पाचव्या दट्ट्याखालचे नट आवळणं, जे राहिलं असतं तर इंजिनाने पोट फोडून घेतलं असतं. एकोणिसावी निळी. बाविसावी. जस्त धरून पाच.

एल्रॉय मात्र खुशीत होता. विसावं मिनिट भरलं तसा त्याने नळीचं पाणी हवेत उडवलं. नेल्डाने हळूहळू पाय उचलला. इंजिन खाली उतरलं, मंद गतीवर घुमायला लागलं, जाड, भरदार, एका लयीत. असा आवाज डॉयलने आयुष्यात फार थोड्या वेळा जमवला होता.

"बापरे, काय बसलंय," एल्रॉय म्हणाला. "म्हाताऱ्या, तुझ्या हातात अजून जादू आहे."

"हं," डॉयल म्हणाला.

मग ठरल्याप्रमाणे तेल सोडलं, फिल्टर काढला, कापून आतला कागद टेबलावर उलगडला. एल्रॉयने चष्मा लावून कागदावर बोट फिरवलं. लोखंडाचा एक कण चमकला नाही. "आरशासारखं," असं म्हणून त्याने डॉयलच्या पाठीत थाप मारली, बर्फ घातलेल्या चहाचे दोन ग्लास रिचवले आणि बायको वाट बघत असेल म्हणून निघून गेला.

दोघंच राहिली. बाहेर वारा नेहमीसारखा पत्रा वाजवत होता.

"पाचवा दट्टा," डॉयल म्हणाला. "नट किती आवळायचे ते तुला कुणी सांगितलं?"

"चाळीस वर्षं तुला दिवा धरतेय. डोळे मिटून नव्हते धरत."

तो स्टुलावर बसला. चिंधीने हात पुसत राहिला, पुसून झाले तरी पुसत राहिला. "तुला काही करायचं नव्हतं, नेल्डा. नुसतं गप्प बसायचं होतं. इंजिन गेलं असतं आणि पैज तू जिंकली असतीस."

"हो."

"मग?"

नेल्डाने कापलेला फिल्टर उगाच इकडचा तिकडे ठेवला. "दर वेळी तू जेवायला आत आलास की मी इथे येऊन बघायची," ती म्हणाली. "दर वेळी देवाला म्हणायची, आज सगळं बरोबर असू दे. मला हरायचं होतं रे."

डॉयल उठला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. जवळ कसं घ्यावं हे त्याला सुचेना, हात तेलकट होते. तेवढ्यात तीच टेकली. मग त्याने तिला डुमसची चौफुली सांगितली. टँकर, दहा मिनिटं, सगळं.

"डॉक्टरची वेळ घेतली आहेस ना?" त्याने विचारलं.

"बुधवारी दहाला. पैज लागली त्याच्या दुसऱ्या दिवशीच घेतली होती. दोनदा पुढे ढकलली."

"याच गाडीने जाऊ. पण चालवायची तू."

"पेट्रोलला घर विकावं लागेल," ती डोळे पुसत म्हणाली.

त्याने तिच्या खिशातलं निळं बॉलपेन काढून घेतलं. खांबापाशी जाऊन पुठ्ठ्याच्या तळाशी, एकतिसाव्या कामाखाली, आणखी एक ओळ लिहिली. बुधवार, दहा, अमरिलो. पुढे एक चौकोन काढला, नीट, चारही कोपरे जुळवून. मग पेन तिच्या हातात परत दिलं.

"खूण तू कर," तो म्हणाला. "झाल्यावर."