डेलियावरची सावली

रात्रीपासून कडाक्याची थंडी पडणार असं कळलं, तेव्हा फोटोकाकूंनी बागेतली उरलीसुरली फुलं सकाळीच कापून घरात आणली. चाळीस वर्षं स्टुडिओत लोकांना "मान सरळ, हलू नका" सांगण्यात गेली. आता त्या फक्त फुलांचे फोटो काढत. ती बिचारी मुळीच हलत नसत.

खिडकीशी टेबल, मागे काळं कापड, मधोमध तांबडी डेलिया. काकूंनी कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला. फुलाच्या खाली, डावीकडे करडी सावली होती. त्यांनी फूल फिरवलं, भिंग पुसलं, मग बदललंच. सावली जागची हलेना. फोटो काढून स्क्रीनवर पाहिला, तर स्वच्छ!

काकूंनी डावा डोळा तळहाताने झाकला. टेबलाचा कोपरा गायब झाला. सावली फुलावर नव्हती, डोळ्यात होती.

दोन दिवस उजव्या डोळ्याच्या कडेला विजा चमकत होत्या. थकवा असेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आई याच वयात भिंती चाचपडत चालायला लागली होती.

"झालं का फोटोसेशन?" नणंदबाई चहा घेऊन आल्या.

"होतंय, वन्सं."

त्या गेल्यावर काकूंनी पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिलं. आता निम्मं फूल गिळलं गेलं होतं. त्या झटक्यात मागे सरल्या, तशी टेबलाला धक्का लागून फुलदाणी कलंडली. आवाज ऐकून नणंदबाई धावत आल्या.

"वन्सं, मला दिसेनासं होतंय हो."

नणंदबाईंनी लगेच गाडी बोलावली.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मधला भाग अजून धरून आहे. आजच ऑपरेशन करू."

"दिसेल ना?"

"पुरेपूर प्रयत्न करू."

आत नेईपर्यंत काकूंनी नणंदेचा हात सोडला नाही.

पडदा जागी चिकटावा म्हणून नंतर आठवडाभर पालथं पडून राहायचं होतं. डोळ्यात नुसतं धूसर पाणी हेलकावत होतं. काकू मनातल्या मनात घरातली पावलं मोजत: पलंग ते दार नऊ, दार ते मोरी सहा.

महिन्याभराने धूसरपणा ओसरला. काकूंनी चांगला डोळा झाकून समोर पाहिलं.

"वन्सं, तुमचं नाक वाकडं दिसतंय हो!"

"ते जन्मापासूनच वाकडं आहे, वहिनी."

काकू हसायला गेल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या.