पांढऱ्या वाऱ्यातलं कुर्त

समुद्राकडून पांढरा वारा सुटला तेव्हा जुपारचं कुर्त, म्हणजे दह्याच्या खारवलेल्या गोळ्या, छपरावर वाळत होतं. समुद्र आपला म्हणायचा; पाणी केव्हाच आटलं होतं. उरला होता खारट तळ आणि त्यात कापसाच्या शेतांतून वर्षानुवर्षं वाहत आलेली कीड मारायची औषधं. वारा उठला की ते सगळं मुइनाक गावच्या घरांवर येऊन बसायचं. जुपार शिडीकडे धावली, पण डोळे उघडवेनात. वारा पडल्यावर पाहते तो काय, दह्याच्या त्या गोळ्यांवर पिठासारखी भुकटी.

फेकून द्यायचं जिवावर आलं. अख्ख्या उन्हाळ्याचं दूध होतं ते. तिने फडक्याने एकेक गोळी पुसली, चाटून पाहिली. कुर्त मुळात खारटच, काही कळलं नाही. नुकुस शहरात धाकटी बहीण सारबिनाझ पोटुशी होती, आंबट-खारट मागत होती. जुपारने पिशवी भरून बसवाल्याकडे दिली.

सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं.

"कारण सांगता येत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "इकडे असं फार होतं."

उरलेलं कुर्त जुपारने कुंपणामागे पुरलं, कुत्र्यालाही घातलं नाही.

थंडी सरल्यावर सारबिनाझ भेटीला आली. चहा घेता घेता म्हणाली, "आपा, कुर्त काढ की! का नवऱ्यालाच चारलंस सगळं?"

जुपारने किटली खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

सारबिनाझने चहा बाजूला सारला. मग म्हणाली, "नुकुसला काय वारा येत नाही? हवा तीच, पाणी तेच. तुझ्या गोळ्यांनीच झालं असं कोण म्हणेल?"

जुपारने श्वास सोडला, तोच सारबिनाझने विचारलं, "पण पुसताना, हे बाधेल असं तुझ्या मनात आलं होतं ना?"

"आलं होतं."

"मग?"

"दूध वाया जाईल, असं वाटलं गं."

भांडण झालं नाही. निघताना सारबिनाझ गळ्यात पडून रडलीसुद्धा. पुढे तिला मुलगी झाली. जुपार पाहायला गेली ती रिकाम्या हाताने. त्या मुलखात असं कुणी जात नाही. शेजारणींनी नाकं मुरडली. सारबिनाझने मात्र काय आणलंस म्हणून विचारलं नाही. तिने पोरगी पुढे केली.

"थांब, हात धुऊन येते," जुपार म्हणाली, आणि कितीतरी वेळ नळापाशीच उभी राहिली.