मॉनिटरखालची कादंबरी

मी एक कादंबरी बोलतेय. आवाज दबका वाटला तर समजून घ्या, माझ्या डोक्यावर भलामोठा मॉनिटर आहे.

माझा जन्म कोल्हापूरच्या छापखान्यातला. गोष्ट तुमच्या ओळखीची, बुरुजात कोंडलेल्या राजकन्येची. पण माझी बकुळा राजपुत्राची वाट बघत बसत नाही. चादरी फाडते, दोर वळते आणि आपली आपण उतरायला लागते. मुखपृष्ठावर ती दोराला लोंबकळताना दाखवली आहे. खोटं कशाला बोलू, मी दिसायला देखणी आहे.

निपाणीच्या कृष्णाजींनी मला विकत घेऊन बेंगळुरूच्या नातीला, कावेरीला, वाढदिवसाला पाठवलं. कावेरीची शाळा इंग्रजी, खेळणं कन्नडमध्ये, मराठी फक्त घरात. रोज संध्याकाळी अज्जाला, म्हणजे आजोबा कृष्णाजींना, फोन लावून ती मला मोठ्यानं वाचायची. जोडाक्षर आलं की अडखळायची. अज्जा पलीकडून "हं... हं..." करत थांबायचे. किती सुखात होते मी!

बकुळा बुरुजाच्या निम्म्यावर आली, दोर कमी पडला, आणि नेमकी कावेरीच्या अप्पांची, म्हणजे वडिलांची, दयानंदची, मान धरली. ते घरूनच काम करतात. डॉक्टरांनी स्क्रीन उंच करायला सांगितली. त्यांनी घरभर नजर फिरवली. जाड आणि सपाट अशी मीच सापडले. कावेरीची खुणेची पट्टी माझ्या पोटात तशीच राहिली.

"अप्पा, माझं पुस्तक!"

"स्वल्प थांब गं बाळ, कॉलवर हाय मी. स्टँड मागवलाय, आला की देतो."

अप्पांची मान बरी झाली आणि मी कुणाच्या लक्षातच राहिले नाही. माणसांचं असंच असतं. वर चहाचे कप, चार्जरच्या वायरी. खाली माझी पानं एकमेकांना चिकटून गेली. श्वास घ्यायचा म्हटला तरी जागा नाही.

एक दिवस स्टँड आला! दयानंदनी मला बाजूला काढलं, स्टँड ठेवला आणि समोर बसून पाहिलं. उंची दोन बोटं कमी पडत होती. मग त्यांनी मला पुन्हा खाली सरकवलं आणि स्टँड माझ्यावर ठेवला. मला इतका राग कधीच आला नव्हता.

अज्जा फोनवर रोज विचारायचे, "बकुळा उतरली का गं?"

"अजून लटकलीय, अज्जा."

काल मात्र कावेरी कंटाळली असावी. म्हणाली, "अज्जा, तिनं दोर सोडला! खाली आमचं बेळ्ळंदूरचं तळं होतं, त्यावर घाण पाण्याचा हा एवढा फेस! फेसात पडली, काहीच लागलं नाही. मग के. आर. पुरमला रेल्वेत बसली आणि तुझ्याकडं आली."

"सरी, सरी! बरं झालं, सुटली म्हणायची पोर!" अज्जा खदखदून हसले.

मलाही हसू आलं. मग एकदम भीती वाटली. गोष्ट तर संपली, आता मला कोण मागणार?

कावेरी, माझ्यात तसं नाही गं. पट्टीच्या पुढच्या पानावर बकुळाला वरून हाक ऐकू येते. बुरुजात आणखी कुणीतरी कोंडलेलं असतं. तिचे हात सोललेले असतात, जीव घाबरा झालेला असतो, तरी ती उलटी फिरते आणि पुन्हा वर चढायला लागते.

तेवढं एक पान तरी वाच.