बुडवून ठेवलेली नाव

गिरजानं डांबरात भिजलेली कापसाची वात फटीवर धरली आणि बोथट पटाशीनं आत ढकलली. वात अर्धी आत गेली, अर्धी बाहेर राहिली.

"जोरानं नको," शालिकराम म्हणाला. "लाकडाले जागा ठेव."

"किती ठेवू?"

"थोडीशी. फुगन ना ते."

लकव्यानंतर त्याचे शब्द ओठांच्या एकाच कोपऱ्यातून निघत. बाकीच्यांना ते दोनदा विचारावे लागत, गिरजाला नाही. तो बाजेवर बसला होता. डावा हात मांडीवर होता, कोणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखा. उजव्या हातातल्या काडीनं तो उपड्या नावेच्या पोटावरची फट दाखवायचा आणि ती भरायची. दुपारपर्यंत तिची बोटं काळी झाली. घाम पुसताना कपाळावरही एक पट्टा उमटला, आणि त्यानं तो पाहूनही सांगितला नाही, कारण तिला तो शोभत होता.

नाव जुनी होती. वैनगंगेच्या एका घाटावर ती माणसं, सायकली, शेळ्या या काठावरून त्या काठावर नेत असे. मग पूल झाला. नाव घाटावर उपडी पडली आणि कुत्री तिच्या सावलीत झोपू लागली. तिथून प्रफुलनं ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पोंभुर्ण्यापलीकडच्या या तलावावर आणली होती. गिरजानं रंग खरवडला तेव्हा निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली लाल, लालाखाली पुन्हा निळा. शेवटी साग निघाला, आणि त्याला अजून वास होता.

०

सौदा प्रफुलनं ठरवला होता. प्रफुल म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, चंद्रपूरच्या ऊर्जानगरला वीज केंद्रात एका ठेकेदाराकडं कामाला. शालिकराम दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याची स्वतःची नाव संपली होती. उन्हाळाभर काठावर उघडी राहून ती तडकली होती, आणि फळ्या कुणाकुणाच्या चुलीत गेल्या होत्या. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं रिकामा काठ पाहिला आणि तोंड फिरवलं. त्यानंतर चंद्रपूरला चला म्हटलं की तो ऐकू न आल्यासारखा बसे.

"मी दोन खोल्या घेतल्या, बाबा," प्रफुल म्हणाला होता. "हाताचा व्यायाम करून घेनारा मानूस रोज घरी येते. इथी काय हाय?"

शालिकरामनं काडीनं तलाव दाखवला होता.

शेवटी प्रफुल म्हणाला, "ठीक हाय. जुनी नाव आनतो. तुम्ही सांगा, माय करन. एक फेरी मारू, तुम्ही न् मी. जिवतीचा सन झाला का दुसऱ्या दिवशी तिघंही निघू. नाव काकाचा निकेश वापरन."

"एक फेरी," शालिकराम म्हणाला. दवाखान्यातून आल्यावर त्याचे हे दोन शब्द पहिल्यांदा सगळ्यांना एका दमात कळले.

०

उतारूंच्या बसायच्या फळ्या गिरजानं काढल्या. मागं जाळं ठेवायला जागा झाली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नावेच्या नाकावर ठोकला. दोरीला दगड बांधून लंगर केला. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जाळ्याच्या काठाला ओवल्या, त्या वाऱ्यावर पुटपुटत राहिल्या. आता वल्ह्याची खुंटी राहिली होती.

"उजवीकडं ठोक," शालिकराम म्हणाला.

"निकेश डावरा हाय जी."

त्यानं काडीनं मातीत एक रेघ ओढली, पायानं पुसली.

"मंग दोन्हीकडं ठोक."

गिरजानं दोन्हीकडं ठोकल्या. उजवीकडची आधी.

निकेश, शालिकरामच्या धाकट्या भावाचा मुलगा, संध्याकाळी पाहायला आला आणि नावेभोवती एक चक्कर मारून थांबला. "मोठेबाबा, हे नाव हाय का नवरी? मले एवढं नाई सजवलं कोनी लग्नात."

"तुले सजवून काय उपेग होता," गिरजा म्हणाली.

शालिकराम हसला. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण तेवढी पुरली.

०

वाती भरल्यावर नाव बुडवून ठेवायची असते. तिच्यात दगड भरायचे, काठाच्या उथळ पाण्यात खाली बसवायची आणि तिचं तिला राहू द्यायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, कापसाला चहूकडून मिठी मारतं. घाई केली तर मधोमध तलावात ती सगळं पाणी एकदम पिते.

प्रफुल आणि निकेशनं दगड भरले. नाव आधी कुरकुरली, मग पाण्याच्या पातळीला आली, मग पाण्याचा एक पातळ पापुद्रा तिच्या कडेवरून आत सरकला. बुडबुडे आले. बुडबुडे थांबले. पाणगवत पुन्हा एकत्र आलं आणि तिथं काहीच नव्हतं असं दिसू लागलं.

"झालं," प्रफुल म्हणाला. "आता जिवतीलेच येतो." आणि तो बसनं कामावर गेला.

शालिकराम रोज बाज काठावर न्यायला लावू लागला. जिथं काही दिसत नव्हतं तिथं तो पाहत बसे.

०

ती फेरी अशी होईल. तो पुढं बसेल, प्रफुल मागं वल्ह्यापाशी.

नाही. मागं तो बसेल, उजव्या खुंटीपाशी. प्रफुल पुढं, पाठमोरा, त्याची मान दिसेल, लहानपणी जशी होती तशीच, वर दोन भोवरे. कमळाच्या पानांतून जाताना नावेखाली आवाज येईल, नवं लुगडं नेसून कोणी चालत असल्यासारखा. तलावाच्या मध्यावर पाण्याखाली येनाच्या झाडाचा जुना बुंधा आहे, तिथं वल्हं उचलून घ्यायचं. तो उचलेल. प्रफुल विचारेल, कसं ध्यानात राहिलं बाबा.

नाही. प्रफुल काही विचारणार नाही. प्रफुल हात लांबवून एक शिंगाडा तोडेल, दातानं सोलेल, अर्धा मागं देईल. पलीकडच्या काठाला बगळे असतील. बगळे नसले तरी चालेल. डावा हात नावेबाहेर पाण्यात लोंबेल, आणि पाण्याला तो जड आहे हे कळणार नाही. पाण्याला सगळे हात सारखेच.

परत येताना

परत यायचं तो कधी पाहू शकला नाही. तिथपर्यंत आलं की नाव पुन्हा काठावरून निघायची.

०

पाण्याखाली नाव आधी लाकूड होती, मग सावली झाली, मग गाळानं तिच्यावरून हात फिरवला आणि ती कोणाचीच राहिली नाही, शिंगाड्याची वेल डावी-उजवी न पाहता दोन्ही खुंट्यांना बिलगली, कापूस फुगला, फळ्या फुगल्या, एकमेकींकडं सरकल्या, ज्या झाडात त्या एकच होत्या त्या झाडाच्या आठवणीनं असेल, वर पाऊस पडला तर खाली फक्त उजेड थरथरला, आणि नाकाकडच्या काळोखात, ठोकलेल्या पत्र्याच्या आडोशाला, गवत बाजूला सारून कोणीतरी राहायला

०

जिवती झाली. या दिवशी मासेमार ढिवरानं गावातल्या लेकरांवर जाळं टाकायचं असतं, म्हणजे ती जगतात, मोठी होतात. आजवर शालिकराम टाकत आला होता. या वर्षी निकेशनं टाकलं. लेकरं जाळ्याखाली खिदळली आणि पळाली. शालिकरामनं बाजेवरून पाहिलं आणि उजव्या हाताची बोटं नकळत उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो काठी टेकत एकटा काठावर गेला. टेम्पो दुपारी यायचा होता. त्याआधी नाव काढायची, त्याआधी फेरी. धुकं नव्हतं, तरी पाणी धुक्यासारखं मऊ होतं. तो दगडावर बसला.

नाव होती तिथं पाणी लाल झालं.

कोणी कुंकू सांडलं असावं, असं त्याला आधी वाटलं. सुपाएवढा लाल डाग पाण्याच्या पोटातून वर आला, वरच्या वर उकळला, हजार ठिपके एकमेकांभोवती फिरले, आणि सगळा डाग पुन्हा खाली नावेत उतरला. त्याच्या मागोमाग एक लांब काळं अंग सावकाश वळलं.

मरळ. पिल्लांची.

मरळीची पिल्लं लाल असतात तोवर तिला हात लावायचा नाही. ती लाल जाऊन काळी होतात, पांगतात, मगच. तोवर तिच्या जागेवर जाळं नाही, गळ नाही, पाय नाही. हा त्या तलावावरच्या ढिवरांचा नेम होता, आणि तो सगळ्यांत कडक शालिकरामनंच पाळायला लावला होता. एकदा निकेशच्या बापानं अशाच लाल डागावर जाळं फेकलं तेव्हा शालिकरामनं सख्ख्या भावाला तलावाच्या पाळीवर, भर बांधावर उभं करून शिव्या दिल्या होत्या, आणि एक पावसाळा त्याच्याशी बोलला नव्हता.

तो पाहत राहिला. डाग पुन्हा आला, पुन्हा गेला.

घराकडून गिरजाची हाक आली. "कसं हाय जी पानी?"

त्यानं तोंड उघडलं. शब्द ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आला.

"चांगलं हाय," तो म्हणाला.

मग तो काठी रोवून कसाबसा दगडावरच फिरून बसला. तलावाकडं पाठ आणि पाळीकडं तोंड.

०

प्रफुल आणि निकेश दोरी घेऊन आले. प्रफुलनं फोन बापाच्या हातात दिला, सदरा काढून दगडावर टाकला.

"तिकडं काऊन पाहून राह्यले, बाबा? नाव इकडं हाय."

"ऊन लागते डोयाले."

प्रफुल पाण्यात शिरला. गुडघे, कंबर, छाती. श्वास घेऊन खाली गेला. दगड काढताना पाणी गढूळ होतं, तसं थोडं झालं. मग थांबलं. तो बराच वेळ वर आला नाही. निकेशनं दोरी घट्ट धरली. शालिकरामनं मान वळवली नाही, पण फोन धरलेली बोटं पांढरी झाली.

प्रफुल वर आला. हातात दगड नव्हता. उजव्या अंगठ्यातून रक्ताची एक धार पाण्यात उतरत होती. त्यानं एकदा खाली पाहिलं, एकदा बापाच्या पाठीकडं. मग सावकाश, पाय न वाजवता, जिथून गेला होता त्याच वाटेनं मागं आला.

"नाई झाली अजून," तो निकेशला म्हणाला.

"काय नाई झाली?"

"लाकूड प्यालं नाई. फट उघडी हाय तशीच."

"इतक्या दिवसांत दगडबी प्याला असता रे. थांब, मी पाह्यतो."

"निकेश." प्रफुल त्याच्या आडवा उभा राहिला, अंगठा मुठीत लपवून. "नाव तुलेच वापराची हाय ना? मंग आता काढून मधात बुडाचं हाय का? जा, मायले चहा ठेवाले सांग."

निकेशनं दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं. "ऊर्जानगरात राहून राहून याले नावाबी समजाले लागल्या," असं पुटपुटत तो पाळ चढून गेला.

प्रफुल बापाशेजारी बसला. अंगावरून पाणी गळत होतं. दोघंही पाळीकडं पाहत होते, तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. त्यानं अंगठा तोंडात धरला, चोखला, थुंकला.

"किती दिवस लागतीन, बाबा?" त्यानं विचारलं. "लाकडाले."

शालिकरामला आठ दिवस म्हणता आलं असतं. उद्या म्हणता आलं असतं.

"लाल जाऊन काळी झाली पायजे," तो म्हणाला. "मंग पांगते. महिना लागन."

प्रफुलनं मान हलवली. बापाकडं पाहिलं नाही.

काही वेळानं शालिकराम फिरून बसू लागला. या वेळी एकट्याला ते जमत नव्हतं. प्रफुलनं त्याच्या काखेत हात घातला, डावा हात उचलून नीट मांडीवर आणला आणि त्याला पाण्याकडं वळवलं. डाग वर आलेला होता. ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि तो अजिबात घाबरलेला नव्हता.

"लय जोरात चावते," प्रफुल म्हणाला.

"नर असन. तोच राहते राखनीले."

प्रफुलनं बापाच्या हातातून फोन घेतला आणि रेंज मिळते तिथं पाळीवर जाऊन उभा राहिला. तो कुणाशी बोलतो आहे ते ऐकू येत नव्हतं. एक हात मात्र हवेत पुन्हा पुन्हा समजावत होता.

गिरजा डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन पाळ उतरली. टेम्पो इथूनच निघायचा होता. तिनं मुलाकडं पाहिलं, रिकाम्या काठाकडं पाहिलं.

"काय झालं जी?"

"थांबा लागते," शालिकराम म्हणाला.

त्या फटी तिनं स्वतःच्या बोटांनी भरल्या होत्या. ती पाण्याच्या कडेला आली, गाठोडं खाली ठेवून, पदर कमरेला खोचून वाकली, आणि लाल डाग वर येऊन खाली जाईपर्यंत तशीच वाकून राहिली. मग वळून तिनं गाठोड्याची गाठ सोडली आणि आतून तवा काढला.