हसीनाबींची ओळ

रंगीत तालीम झाली की एक शब्द हलवायचा न्हाई, हा आमच्या नाटकमंडळीचा नेम. केला कुणी? सर्जेरावदादांनी, म्हणजे आमच्या निर्मात्यानं. अन् मोडला कुणी? त्यांनीच! तेबी जालन्यातल्या पहिल्याच प्रयोगाला, दुसरी घंटा झाल्यावर.

नाटक राजानंदनं लिहिलेलं. माझं काम संहितेचं. ज्यांची गोष्ट त्यांच्या दारी जायचं, ऐकायचं, अन् त्यांचं म्हणणं नाटकात शाबूत राह्यलं का ते बघायचं. प्रयोगाला विंगेत बसून अडलेल्याला ओळ सांगायची, तेबी मीच.

ही गोष्ट टेंभुर्णीकडच्या हसीनाबींची. त्यांचे नवरे ख्वाजामियाँ. ठेकेदारानं त्यांना बिनदोराचं विहिरीत उतरवलं, ते वर आलेच न्हाईत. नाटकाच्या शेवटी ठेकेदार हात जोडतो अन् बाई म्हणते, "म्या माफ केलं न्हाई." हसीनाबींची अट तेवढी एकच. "बेटा, बाकी कायबी करा, ते वाक्य ठेवा. गावानं माझ्या तोंडून लई डाव ‘माफ केलं’ वदवून घेतलं." मी त्यांना शब्द दिल्ता. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

अन् पायल, जी हसीनाबींचं काम करायची, ती रंगपटातून रडवेली होऊन आली. "ताई, दादा म्हणले, शेवटी ‘म्या माफ केलं’ असं म्हण."

माझं डोस्कंच फिरलं. तशीच दादांकडं गेले.

"दादा, हे काय लावलंय तुमी?"

"सुमेधा, आवाज खाली. घनसावंगी, केदारखेडा, सगळीकडं प्रयोग लावून राह्यलो मी. लोकं कडू तोंडानं घरी गेले तर पुन्हा कोण बोलावतंय?"

"अन् हसीनाबींला काय सांगू?"

"नाटक उभं करायचं मी, बोलणी खायची मी. त्यांना मी समजावतो बराबर."

"समजावा! जन्मभर सगळ्यांनी तेच केलंय त्यांना."

तिसरी घंटा झाली. दादा पडद्याची दोरी धरून विंगेत माझ्या मागं उभे राह्यले. शेवटचा पडदा तेच पाडतात, दुसऱ्याला हात लावू देत न्हाईत.

प्रयोग रंगला, पण मला काही गोड लागंना. शेवट आला. ठेकेदार झालेल्या संपतनं हात जोडले. पायल म्हणाली, "म्या..." अन् थांबली. दोन ओळी एका डोक्यात कोंबल्यावर पोरगी करणार तरी काय? तिनं माझ्याकडं बघितलं.

"माफ केलं," दादा माझ्या कानाशी पुटपुटले. "सांग जल्दी. न्हाईतर उद्यापासून तालमीला येऊ नको."

भ्याले मी. कशाला खोटं बोलू? या मंडळीबिगर मला दुसरं काय होतं? तोंड उघडलं, पण कुठली ओळ सांगू?

मंग तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "माफ नै करी मैं!"

हसीनाबी उभ्या होत्या. लोकांना वाटलं, हेबी नाटकातलंच. पायल त्यांच्याकडं वळली अन् खणखणीत म्हणाली, "म्या माफ केलं न्हाई."

शेवटची ओळ झाल्ती, आता पडदा पडायला पाहिजे होता. मी वळून बघितलं. दोरी दादांच्या मुठीतच होती.

"पाडा की आता," मी म्हणले.

दादांची नजर तिसऱ्या रांगेवरून हलंना.

"थांब," ते म्हणले. "बाई अजून उभ्या हायेत."