पश्चिम भिंत, आतील बाजू

‘अर्जदार स्वतः का आले नाहीत?’ साहेबांनी फाइलमधून मान वर न करता विचारलं.

‘ते वारले. आज सव्वीस दिवस झाले. मी त्यांची मुलगी, व्हॅलेन्सिया परेरा.’

साहेबांनी चष्मा काढला. ‘वाईट झालं. पण मॅडम, माहितीच्या अधिकारातलं अपील वारसाकडे येत नाही. जमीन आहे का ती?’

‘काय टाइप करू, सर?’ शेजारच्या कारकुनाने विचारलं. ‘अपीलकर्ता मयत, प्रकरण बंद?’

‘थांब रे. चार वर्षांनी बोर्डावर आलंय. तिकडचे लाइनवर आहेत ना? ऐकून तर घेऊ.’

तिकडचे म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, जंगलाच्या जिल्ह्यातले. भिंतीवरच्या पडद्यावर तिथल्या कार्यालयाचे माहिती अधिकारी दिसत होते. किरण असं काहीसं नाव खाली उमटलं होतं. वयाने माझ्याहून लहान असावेत. त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता आणि तो फिरला की चित्र अडखळत होतं.

पपा त्या जिल्ह्यात एकदाच गेले होते, २०१२च्या मार्चमध्ये. मागास भागांना दिलेला निधी जातो कुठे, यावरून तेव्हा सभागृहात आरडाओरडा झाला होता. मग समिती नेमली गेली, आणि तिकडची माणसं तिकडच्यांना सांभाळून घेतील म्हणून मुंबईहून मोजणीला माणसं पाठवायचं ठरलं. पपा अंधेरीच्या कार्यालयात कनिष्ठ अभियंता होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बॅगेत त्यांनी तीस मीटरची टेप, दोन शर्ट आणि ममीने दिलेली सुक्या बोंबलांची चटणी घेतली.

बोदलीटोल्याची आश्रमशाळा कागदावर सहा खोल्यांची होती. जमिनीवर दोन होत्या. त्यांत मुलं कधी बसलीच नव्हती. निमलष्करी दलाची एक तुकडी तिथे चाळीस दिवस राहून गेली होती. तीन आठवड्यांपूर्वी, जंगलात दोन तास चाललेल्या चकमकीत सहा जण ठार झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली होती. गावात मात्र लोक जंगलाकडे बोट दाखवत नव्हते. ते कुठेच बोट दाखवत नव्हते.

दुसऱ्या खोलीच्या भिंतीत पपांना सतरा भोकं दिसली. सोबतचा शिपाई आत यायला तयार होईना. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. दारात उभी असलेली एक बाई न बोलावता आत आली आणि तिने ते जमिनीला टेकवून धरलं. पपांनी प्रत्येक भोकाची जमिनीपासूनची उंची मोजली. सगळ्यात वरचं एकाहत्तर सेंटिमीटरवर होतं. उभ्या माणसाला तिथे गोळी लागली तर मांडीत लागते. भिंतीला टेकून खाली बसलेल्या माणसाला कुठे लागते, ते पपांनी मला सांगितलं नाही. त्यांनी फक्त आकडा सांगितला, तोही आजारपणात, एकदाच. ‘त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं,’ असं मात्र ते दोनदा म्हणाले.

मोजमापाच्या पुस्तकात त्यांनी सगळं शाईने लिहिलं. त्या पुस्तकाची पानं छापील क्रमांकांची असतात. त्यात खोडरबर चालत नाही, पान फाडता येत नाही, पुस्तक घरी नेता येत नाही. चूक झालीच तर एक सरळ रेघ मारायची, बाजूला सही करायची, आणि खालचं वाचता आलं पाहिजे. हा नियम आमच्या घरातही होता. शाळेच्या वह्यांमध्ये मला आणि माझ्या भावाला, ग्लेनरॉयला, खोडायची परवानगी नव्हती. पपांच्या फोनला कॅमेरा होता, पण मोजमाप लिहिल्यावर फोटो कशाला, असं त्यांना वाटलं. नकलून घेणं नियमात नव्हतं. त्यांनी नकलून घेतलं नाही.

निवृत्तीनंतर ते त्या एका पानाची प्रत मागत राहिले. कधी सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नव्हती, कधी पुस्तक सापडत नव्हतं, कधी अर्ज संबंधितांकडे वर्ग झालेला असायचा. प्रत्येक उत्तर ते पंच करून फाइलला लावत. ‘पान आहे, व्हॅल,’ ते म्हणत. ‘पुस्तकातलं पान कुठं जात नाही.’

‘सर, पुस्तक मिळालंय,’ पडद्यावरून किरण म्हणाले. ‘पान त्रेचाळीस.’

मी खुर्चीची कड धरली.

‘पण ती नोंद रद्द आहे, सर.’

‘कुणी केली रद्द?’

‘त्यांनीच. परेरांनीच. “चुकीने नोंदविले” असा शेरा आहे, खाली सही.’

‘दाखवा,’ मी म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही.

पान कॅमेऱ्यासमोर आलं. पपांचं अक्षर. वर लिहिलं होतं: पश्चिम भिंत, आतील बाजू, छिद्रे १७. त्याखाली आकडे. आणि वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात पट्टीने आखलेली एक लाल रेघ. सहीसुद्धा त्यांचीच होती, ‘प’ला शेपटी असलेली.

‘रेघेखालचं वाचता येतंय,’ मी म्हणाले. एकाहत्तर, चव्वेचाळीस, अडतीस. पुढचे वाचायच्या आत पंख्याच्या वाऱ्याने पान हललं.

‘वाचता येणारच, मॅडम. नियमच आहे तो,’ किरण म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. ‘पण ती नोंद राहत नाही.’

‘आणि ती भिंत?’

‘ती इमारत पाडली, मॅडम. दुरुस्तीला निधी आला होता. नवीन व्हायची आहे.’

साहेब कारकुनाला सावकाश सांगू लागले. रद्द नोंद हा अभिलेख नाही. अभिलेख नाही, सबब माहिती उपलब्ध नाही. अपीलकर्ता मयत. प्रकरण निकाली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘पाणी घ्या मॅडम, बाहेर आहे.’

मरोळपर्यंतच्या रिक्षात मला लाज वाटत राहिली. कुणाची, ते मी ठरवलं नाही.

आमच्या गावठाणातल्या घरात सामान मधोमध आलं होतं. चार दिवसांनी चर्चमध्ये पपांचा महिन्याचा मिस्सा. त्याआधी भिंतींना रंग काढायचा होता. रंगारी नितेश कपाट सरकवून गेला होता आणि ममी त्यावर जुनी चादर घालत होती.

‘मिळालं?’ तिने विचारलं.

‘पान आहे. पपांनी त्याच्यावर स्वतः रेघ मारलीय. चुकीने नोंदविले.’

ममीने चादरीचं टोक खोचलं. दुसरं टोक खोचलं.

‘मीच बोलले त्याला,’ ती म्हणाली. ‘त्याचा मोठा साहेब आलेला. इथं ओट्यावर बसून चहा प्याला. बोलला, परेरा, तुला भिंत मोजायला पाठवलेला, भोकं मोजायला नाय. पेन्शन अडकेल, पोरगी शिकतेय. जाताना कप स्वतः आत आणून ठेवला. चांगला माणूस होता.’

‘मग?’

‘इसिडोर बोलला, मी खोटं नाय लिहिणार. मी बोलले, खोटं नको लिहू ना. रेघ मार. खालचं दिसतं ना? बोलला, दिसतं. मग मार, बोलले.’

‘मला कधी सांगितलं नाहीत.’

‘तुला कसं सांगणार? तू एवढी पुस्तकं वाचते. तुझ्यासमोर बसून जेवायचं असायचं त्याला.’

कपाटामागची भिंत उघडी पडली होती. तिचा रंग बाकीच्या भिंतीपेक्षा ताजा होता, आणि तिच्यावर खाली खाली पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. सुताराच्या असतील, असं मला आधी वाटलं. मग प्रत्येक फुलीशेजारचा आकडा दिसला. मी मोजल्या नाहीत, तरी किती असतील ते कळलं.

‘हे कधी?’

‘हॉस्पिटलातून पहिल्यांदा घरी आला तेव्हा. रविवारी मी मिस्साला गेलेली. येऊन बघते तर कपाट बाजूला आणि हा जमिनीवर. धाप लागलेली. मी बोलले, वेडा झाला काय रे? बोलला, ऑलिव्ह, पाठ आहेत मला, पण मी गेल्यावर कुणाला पाठ असणार? मग मीच कपाट लावलं परत.’

एकाहत्तर होता. चव्वेचाळीस होता. अडतीसही होता. पडद्यावर वाचलेले तिन्ही आकडे जिथल्या तिथे होते.

‘नितेश बोलला, उद्या सकाळी पुट्टी मारतो,’ ममी म्हणाली. ‘बोलला, आंटी, कायपण नाय दिसणार.’

‘नको म्हणून सांगू या त्याला?’

‘भिंत किती वर्षं ठेवशील, व्हॅल? पुढच्या वर्षी बिल्डर येतोय.’

तेही खरं होतं. आणि भिंत ठेवली तरी दाखवायची कुणाला? मरोळच्या घरातली पेन्सिल कुठल्या कार्यालयात चालते? तरी मी पपांच्या ड्रॉवरमधून त्यांची टेप काढली, एक कोरी वही काढली. उंचीचे आकडे भिंतीवर होते, पण मला ते मोजूनच लिहायचे होते. मी भिंतीशी वाकले आणि टेपचं खालचं टोक जमिनीवरून सरकलं.

‘एकटीने होत नाही ते,’ ममी म्हणाली. ‘दे इकडे.’

तिला वाकता येत नाही, गुडघे गेलेत. ती भिंतीला पाठ टेकवून हळूहळू खाली सरकली आणि जमिनीवर बसली. टेपचं टोक तिने अंगठ्याने लादीवर दाबून धरलं. मी वहीत वर लिहिलं, पश्चिम भिंत, आतील बाजू. टेप धरणाऱ्याच्या नावाचा रकाना मोजमापात नसतो. मी समासात लिहिलं, ऑलिव्ह परेरा.

पहिली फुली. दुसरी. बसल्या बसल्याच ती पुढे सरकत गेली आणि मी शाईने आकडे लिहीत गेले. नवव्या फुलीपाशी मी थांबले.

‘काय झालं?’ ती म्हणाली. ‘वाच ना.’

‘दिसत नाही, ममी. जरा बाजूला हो.’

फुली तिच्या डोक्यामागे होती.